गॅसचा ओटीपी, होम लोन आणि अंतरिम पोटगी

शेवग्याची शेंग
१२ जून

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. नेहमीचा आयडी वापरला नाही, कारण नात्यातले दोघं-तिघं इथे पडीक असतात.

धायरीत आमचा टू बीएचके आहे. ॲग्रीमेंट दोघांच्या नावावर, होम लोनही दोघांच्या नावावर. हप्ता ३८,५००, तो नवऱ्याच्या खात्यातून कापला जातो. मुलगी सहावीत आहे. एप्रिलमध्ये नवरा दोन बॅगा भरून निगडीला आईवडिलांकडे गेला. कोण चुकलं ते इथे उगाळत नाही. मारहाण कधीच नव्हती. बोलणं बंद होतं आणि पैसे मोजून मिळत होते. आता तेही बंद झालेत.

मागच्या आठवड्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाचं समन्स आलं. त्याने घटस्फोटाचा अर्ज टाकलाय. सोबत दिरामार्फत तोंडी निरोप, 'फ्लॅट विकायचाय, जुलैअखेर खाली करा, तोवर साताऱ्याला माहेरी जा.' मी प्ले-स्कूलमध्ये शिकवते, हातात १९,००० पडतात. त्याच्या हातात १,१२,००० पडतात. फेब्रुवारीची पगाराची स्लिप कपाटात सापडली म्हणून आकडा माहीत आहे, एरवी विचारायची सोय नव्हती.

आता गॅसचं ऐका. कनेक्शन त्याच्या नावावर. सिलिंडर आला की डिलिव्हरीवाल्याला कोड सांगावा लागतो आणि तो कोड त्याच्या मोबाईलवर जातो. परवा माणूस सिलिंडर खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर आला (लिफ्ट बंद होती), मी नवऱ्याला चार फोन केले, उचलला नाही. तो माणूस बिचारा दहा मिनिटं जिन्यात टेकून उभा राहिला आणि 'ताई, कोडशिवाय नाही देता येत' म्हणून परत घेऊन गेला. आमच्याकडे पाइप गॅस अजून आलेला नाही. सध्या शेजारच्या काकूंच्या इंडक्शनवर चाललंय. सोसायटीच्या गेटच्या ॲपवरूनही त्याने मला काढून टाकलंय, त्यामुळे मुलीच्या मैत्रिणीसुद्धा गेटवर अडतात.

विचारायचं हे की, मी माहेरी गेले तर घरावरचा हक्क जातो का? तो फ्लॅट परस्पर विकू शकतो का? आणि खटला संपेपर्यंत घर कशावर चालवायचं? सगळे सांगतात घटस्फोटाला चार-पाच वर्षं लागतात. मुलीची फी या महिन्यात आहे.

दहीपोहे
ताई, आधी एक काम करा. कुठेही जाऊ नका. बाकीचं जाणकार सांगतीलच. गॅसचं वाचून डोकं तडकलं.

अवांतर
शीर्षकातला ओटीपी हा शब्द तांत्रिकदृष्ट्या चूक आहे, त्याला डिलिव्हरी कोड म्हणतात. बाकी चालू द्या.

दहीपोहे
@अवांतर, तुमच्याकडे सिलिंडर आला की तुम्ही व्याकरण तपासून घेता का?

माजी नाझर
३१ वर्षं कोर्टात नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ नाझर विभागात. म्हणजे पोटगीचे जमा झालेले पैसे ज्या खिडकीतून मिळतात, तिच्या आतल्या बाजूला. वकील नाही, त्यामुळे हा सल्ला नव्हे, पाहिलेलं सांगतो.

पोटगी म्हटलं की लोकांना वाटतं घटस्फोट झाल्यावर मिळते ती. ती कायमची, हिंदू विवाह कायद्याचं कलम २५. तुम्हाला हवी ती अंतरिम, कलम २४. खटला चालू असेतो दरमहा ठरावीक रक्कम आणि खटल्याचा खर्च. नवऱ्याने घटस्फोट मागितला असला तरी त्याच खटल्यात तुम्ही हा अर्ज देऊ शकता. कोण चुकलं याचा निवाडा या टप्प्यावर होत नाही. कोर्ट बघतं कुणाचं उत्पन्न किती आणि खर्च किती, एवढंच. समोरच्याला नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत शक्यतो निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. त्या 'शक्यतो' शब्दाने फार पायऱ्या झिजवल्या आहेत, तेव्हा ६० दिवस धरून बजेट आखू नका.

पण एक गोष्ट आजच वहीत लिहा. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगून ठेवलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. आदेशाच्या तारखेपासून नव्हे, आणि नवरा घर सोडून गेला त्या तारखेपासूनही नव्हे. म्हणजे तुमचे एप्रिल आणि मे गेल्यातच जमा. जून अजून हातात आहे. लोक 'बघू, समेट होईल' करत सहा महिने काढतात आणि तेवढ्या पैशांवर पाणी सोडतात. अर्ज दिला म्हणून समेटाचं दार काही बंद होत नाही.

(तो खटलाही आपल्या राज्यातलाच, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेला. बायकोला १५,००० आणि मुलाला आधी ५,०००, पुढे १०,००० असा अंतरिम आदेश होता. २०१३ पासूनच्या पैशांचा वाद २०२० पर्यंत दिल्लीत चालू होता. अंतरिम म्हणजे किती अंतर ते बघा.)

ॲड. सुट्टीवर
नाझरसाहेबांशी सहमत. मी कौटुंबिक न्यायालयातच काम करते, म्हणून घराबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

शेंगताई, तुमची बाजू घराच्या बाबतीत दुहेरी आहे. एक तर तुम्ही सहमालक आहात. तुमच्या सहीशिवाय अख्खा फ्लॅट विकला जाऊ शकत नाही, सब-रजिस्ट्रारकडे तुम्हाला उभं राहावंच लागेल. दुसरं, मालकी बाजूला ठेवली तरी घरगुती हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम १७ नुसार ज्या घरात तुम्ही संसार केलात तिथे राहण्याचा हक्क तुम्हाला आहे, नाव कुणाचंही असो. कायदेशीर प्रक्रियेशिवाय तुम्हाला तिथून काढता येत नाही. दिराचा निरोप ही कायदेशीर प्रक्रिया नव्हे.

माहेरी गेल्याने हक्क जात नाही. कायद्यातल्या सामायिक घराच्या व्याख्येतच 'राहते किंवा कधी काळी राहिली' असे शब्द आहेत, आणि २०२२ मध्ये प्रभा त्यागी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ आणखी रुंद केला. तरीही माझं मत विचाराल तर जाऊ नका. हक्क राहतो, पण कुलूप बदललं की तो हक्क घेऊन तुम्ही जिन्यात उभ्या. आत असलेल्या बाईला संरक्षण मिळवून देणं सोपं असतं. बाहेर पडलेल्या बाईला परत आत नेणं महिनोन्महिने चालतं. जिवाला धोका असेल तर हे सगळं विसरून आधी निघायचं, ते वेगळं.

'मारहाण नव्हती' म्हणून हा कायदा लागू नाही असं समजू नका. त्यात आर्थिक छळ स्पष्ट लिहिलाय. घरखर्च बंद करणं आणि ज्या सोयी वापरायचा तुम्हाला हक्क आहे त्या अडवून धरणं हे त्यातच येतं. तुमचा गॅस सिलिंडर अगदी त्या वाक्यात बसतो. किती तारखेला आला, किती फोन केले, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट, सगळं ठेवा.

आता प्रक्रिया. घरगुती हिंसाचाराचा अर्ज एरवी मॅजिस्ट्रेटकडे जातो. पण त्या कायद्याचं कलम २६ सांगतं की दुसऱ्या कोर्टात तुमचा खटला चालू असेल तर घराचा आणि पैशांचा दिलासा तिथेच मागता येतो. म्हणजे एकाच कोर्टात, एकाच जजसमोर पोटगी आणि घर दोन्ही. दोन ठिकाणी तारखांना पळापळ नको, शाळेच्या रजा वाचतील. मुलीसाठी वेगळं मागा, ते हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली. हो, दोन वेगवेगळ्या कायद्यांत एकच आकडा, माझे ज्युनिअरसुद्धा गोंधळतात.

प्रार्थनेत, म्हणजे अर्जाच्या शेवटी जिथे काय हवं ते मागतो तिथे, नुसतं 'राहू द्यावे' एवढंच लिहू नका. फ्लॅट विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये, वीज-पाणी-गॅस तोडू नये, डिलिव्हरीचा कोड त्याच दिवशी कळवावा, सोसायटीच्या ॲपवर नाव परत घालावं. कोर्टाला हसू येईल अशी भीती बाळगू नका. मोघम मागितलं की मोघम मिळतं.

तुळशीबाग
@ॲड. सुट्टीवर, घर सासूच्या नावावर असेल तर? माझ्या बहिणीची केस. वाड्याच्या पुनर्विकासात मिळालेला फ्लॅट, सासरे गेल्यावर सासूबाईंच्या नावावर झाला. नवरा बंगळुरूला निघून गेलाय. सासूबाई म्हणतात मुलगाच नाही तर सून कशाला. आम्हाला एका वकिलांनी सांगितलं की सासूच्या घरात सुनेला हक्कच नाही.

ॲड. सुट्टीवर
त्या वकिलांची डायरी जुनी आहे. २००६ च्या बत्रा खटल्यात तसं म्हटलं होतं, की घर नवऱ्याचं किंवा त्याचा वाटा असलेल्या एकत्र कुटुंबाचं असेल तरच. १५ ऑक्टोबर २०२० ला सतीश चंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच तो निकाल रद्द ठरवला. तिथे घर सासऱ्यांचं होतं, दिल्लीत. नवऱ्याच्या नातेवाइकाच्या घरात सून खरोखर संसार करून राहत असेल तर ते तिचंही सामायिक घर.

पण बहिणीला हेही सांगा की हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही, आणि अमरपट्टाही नाही. त्याच निकालात म्हातारपणी शांतपणे जगण्याचा सासू-सासऱ्यांचा हक्कही तोलायला सांगितलाय. अशा वेळी पुष्कळदा 'तशाच दर्जाचं दुसरं घर द्या किंवा त्याचं भाडं नवऱ्याने भरा' असा आदेश होतो, कलम १९ मध्ये तशी तरतूदच आहे. आणि सासूला घराबाहेर काढा असा आदेश या कायद्यात मिळतच नाही. नवऱ्याला काढता येतं, बाईला नाही.

सासूबाई ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडे गेल्या तर घाबरू नका. तोही कायदा खरा आहे, पण सुनेचा राहण्याचा हक्क बुडवायला तो हत्यार म्हणून वापरता येत नाही, हे डिसेंबर २०२० च्या एस. वनिता निकालात आलंय. दोघींचं म्हणणं ऐकूनच ठरवावं लागतं.

तुळशीबाग
खूप आभार. खरं सांगू, सासूबाई वाईट नाहीत. रोज सकाळी दोघी एकाच ओट्यावर चहा करतात, दोन वेगळ्या पातेल्यांत.

कॉटबेसिस
इथे सगळे एकाच बाजूचं बोलताहेत म्हणून लिहितो. मी नवरा पार्टी.

हातात ६४,००० येतात. फ्लॅटचा हप्ता २४,०००. अंतरिम पोटगी १८,०००. राहिले २२,०००, त्यात माझं जेवणखाण, पेट्रोल, आईची औषधं. कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत तिघं, बाकीचे दोघं स्पर्धा परीक्षावाले, रात्री दोनपर्यंत लाइट चालू. वय ४१. ज्या फ्लॅटचा हप्ता भरतो त्याच्या पार्किंगमध्ये मुलाला सोडायला गेलो तर वॉचमन वहीत 'व्हिजिटर' लिहून सही घेतो. बायको घरी शिकवण्या घेते, पंधरा-वीस मुलं येतात, कोर्टात सांगितलं उत्पन्न शून्य. आमच्या वकिलाने दोन तारखा 'से', म्हणजे लेखी उत्तर, दाखल केला नाही आणि आदेश होऊन गेला. शेंगताईंच्या नवऱ्याने गॅसचं केलं ते चूकच. पण माणूस पिळला गेला की असलं काहीतरी करतो.

दहीपोहे
शेवटचं वाक्य सोडून सहानुभूती आहे.

माजी नाझर
कॉटबेसिस, तुम्हाला खिडकीपाशी फार वेळा पाहिलंय. म्हणजे तुम्हाला नाही, तुमच्यासारख्यांना. पैसे भरतात, पावती घेतात आणि घडी करून पाकिटात मुलाच्या फोटोमागे ठेवतात.

तुमचं नुकसान कायद्याने केलं नाही, न दाखल केलेल्या 'से' ने केलं. त्याच रजनेश निकालाने दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलंय, नमुनाही ठरवून दिलाय. समोरच्याने चार आठवड्यांत द्यायचं, फार तर दोनदा मुदत मिळते. तुमच्या पत्नीचं प्रतिज्ञापत्र फायलीत आहे का ते बघा, नक्कल काढा. शिकवण्यांचे पुरावे असतील (फीचे ऑनलाइन व्यवहार, सोसायटीच्या ग्रुपवरची जाहिरात) तर ते लावून आदेश बदलण्याचा अर्ज द्या. परिस्थिती बदलली किंवा खरी परिस्थिती लपवली गेली, तर रक्कम बदलते. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिणं अंगाशी येऊ शकतं, मग तो नवरा असो वा बायको. तुमचा कॉटचा भाडेकरार, आईच्या औषधांची बिलं हे सगळं कोर्टासमोर होतं का? नसेल तर कोर्टाच्या दृष्टीने तुम्हाला आई नाही आणि खोलीही नाही.

आणि हे बायकांसाठीच आहे असंही नाही. कलम २४ मध्ये 'पत्नी किंवा पती' असंच लिहिलंय. पुरेसं उत्पन्न नसलेला नवराही मागू शकतो. स्पेशल मॅरेज ॲक्टखालचं लग्न असेल तर मात्र फक्त पत्नी.

ॲड. सुट्टीवर
@कॉटबेसिस, रागात एक करू नका. हप्ता थांबवू नका. बँकेला तुमचा संसार मोडला की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. ९० दिवस हप्ता थकला की खातं बुडीत धरलं जातं, मग सरफेसी या बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याची ६० दिवसांची नोटीस आणि त्यानंतर घर ताब्यात. बायकोच्या हातात राहण्याचा आदेश असला तरी बँकेला त्याने रोखता येत नाही. घर दोघांचं जातं, वर सिबिल दोघांचं खराब.

हेच शेंगताईंनाही सांगायचंय. कर्जात तुम्ही सहकर्जदार आहात. त्याने हप्ता बंद केला तर बँक तुम्हालाही पकडेल. 'हप्ता चालू ठेवावा' हे प्रार्थनेत हवंच.

शेवग्याची शेंग
हप्त्यावरून प्रश्न पडला. तो म्हणेल ३८,५०० हप्ता जातो, मग माझ्याकडे उरतं काय? तेवढे पैसे उत्पन्नातून वजा धरतात का? आणि पगाराच्या २५ टक्के मिळतात असं मैत्रीण म्हणाली.

माजी नाझर
२५ टक्क्यांचा नियम कुठल्याही कायद्यात नाही. २०१७ च्या एका निकालात (कल्याण डे चौधरी) सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पगाराच्या २५ टक्के रास्त होईल असं म्हटलं, तेव्हापासून तो आकडा कोर्टाच्या कॅन्टीनमधल्या चहासारखा झालाय, सगळीकडे मिळतो, चव वेगवेगळी. त्याहून कमीही होतं, जास्तही.

वजावटीचं म्हणाल तर आयकर, आपला तो वर्षाला २,५०० चा व्यवसाय कर, हे टळत नाहीत म्हणून जातात. स्वतःच्या नावावर मालमत्ता उभी करायला काढलेलं कर्ज, हौसेने वाढवलेली विम्याची पॉलिसी, गाडीचा हप्ता, हे दाखवून 'हातात काहीच उरत नाही' म्हणणाऱ्यांना कोर्ट सहसा भुलत नाही. पण तुमच्या बाबतीत त्याच घरात तुम्ही आणि मुलगी राहता. तो हप्ता भरतोय म्हणजे तुमच्या डोक्यावरचं छप्पर तोच देतोय, हे त्याच्या बाजूने मोजलं जाईल आणि जायलाही हवं. घर आणि पोटगी हे एकाच ताटातले दोन पदार्थ आहेत. घर मिळालं तर रोख थोडी कमी, घर गेलं तर भाड्याएवढी रोख जास्त. कुठलं सोयीचं ते वहीत आकडे मांडून बघा. वकिलाकडे जायच्या आधी.

तुमचे १९,००० लपवू नका. कमावते म्हणून पोटगी नाही असं नसतं, पुरतं की नाही हा प्रश्न असतो. लपवलेले १९,००० मात्र बाकी सगळ्या खऱ्यावर पाणी फिरवतात.

ॲड. सुट्टीवर
वकिलाच्या फीचं टेन्शन असेल तर शिवाजीनगरलाच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आधार, समन्सची प्रत आणि एक साधा अर्ज घेऊन जा. तसं पाहिलं तर कौटुंबिक न्यायालयात वकील लावणं हा हक्क नाही, परवानगी लागते, पण मिळते. सुरुवातीला समुपदेशकांकडे पाठवतील. त्या निकाल देत नाहीत, घाबरायचं नाही, तिथेच निम्म्या अंतरिम गोष्टी तडजोडीने ठरतात.

शेवग्याची शेंग
२४ जून

काल अर्ज दाखल झाला. धायरीहून बसने स्वारगेट, तिथून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, हे आता पाठ झालंय. प्रतिज्ञापत्र भरायला तीन रात्री लागल्या. महिन्याचा खर्च लिहायचा होता, दूध, भाजी, रिक्षा, मुलीची कथकची फी, सॅनिटरी पॅड्स. बारा वर्षांच्या संसारात मी कधी हे एका कागदावर लिहिलं नव्हतं. बेरीज ४१,००० आली आणि मी दोनदा तपासली, कारण 'तू काय करतेस पैशांचं' हे मी बारा वर्षं ऐकलंय.

सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी पत्र दिलं, सहमालक आहे, ॲपवर नाव घाला. ते आधी म्हणाले, 'तुमच्या मिस्टरांना विचारतो.' मी म्हटलं विचारा, पण या प्रतीवर पोच द्या. पोच दिल्यावर दुसऱ्या दिवशी नाव आलं.

दहीपोहे
पोच! पुणेकर असल्याचं सार्थक झालं.

अवांतर
अभिनंदन. (या वेळी सुधारणा नाही.)

कॉटबेसिस
१८ सप्टेंबर

नाझरसाहेब, नक्कल काढली. तिचं प्रतिज्ञापत्र होतं, पण बँक स्टेटमेंट जोडलेलं नव्हतं. आदेश बदलण्याचा अर्ज दिलाय. वकीलही बदलला. समुपदेशकांनी दोघांना समोरासमोर बसवलं तेव्हा ती म्हणाली शिकवण्या आहेत, ८,०००-९,००० येतात, भीती वाटत होती म्हणून लिहिलं नाही. मी आकडा वीस मुलांचा धरला होता, मुलं सातच आहेत. बाकीची सोसायटीतली खेळायला येणारी.

माजी नाझर
हे असं असतं बहुतेक वेळा.

तुळशीबाग
आमच्याकडे भाड्याचा पर्याय ठरतोय. नवऱ्याने दरमहा १६,००० द्यायचे, त्याच पेठेत वन बीएचके, मुलाची शाळा बदलायची नाही. सासूबाईंनी स्वतः दोन घरं जाऊन बघितली. एक नापसंत केलं, ओटा फार उंच म्हणून.

शेवग्याची शेंग
२७ जानेवारी

वर काढतेय धागा. आदेश झाला. साठ दिवस म्हणता म्हणता सात महिने लागले. त्याने मधे नोकरी बदलली आणि नवी स्लिप द्यायला दोन तारखा खाल्ल्या.

मला १०,००० आणि मुलीला १५,०००, दरमहा, अर्जाच्या तारखेपासून. हप्ता त्यानेच भरायचा. सोसायटीचा मेंटेनन्स आणि लाइटबिल मी. (आमच्या सेक्रेटरींना फोनवर 'मेंटेनन्सची ऑर्डर झाली' सांगितलं तर ते म्हणाले, 'आपल्या मीटिंगमध्ये तर काही ठराव झाला नाही.') मूळ खटल्याचा निकाल लागेपर्यंत फ्लॅट विकायचा नाही, आम्हा दोघींना बाहेर काढायचं नाही. तो मालक आहे, पण येण्याआधी एक दिवस कळवून यायचं.

सात महिन्यांचे १,७५,००० झाले होते. त्याने मधे शाळेची ४२,००० फी थेट भरली होती, ती वजा केली. मला ते पटलं, भरलीच होती. राहिलेले १,३३,००० तीन हप्त्यांत. २५ टक्क्यांचा हिशोब लावून बघू नका कुणी, हप्ता तो भरतोय म्हणून रोख कमी आहे, नाझरसाहेब म्हणाले तसंच.

नाही दिले तर काय?

ॲड. सुट्टीवर
अभिनंदन. नाही दिले तर वसुलीची दरखास्त. पगारावर जप्ती आणता येते. घरगुती हिंसाचार कायद्याखालचा पैशांचा आदेश असेल तर कोर्ट कंपनीला थेट पगारातून कापून द्यायलाही सांगू शकतं, हिंजवडीच्या एचआरला ते पत्र गेलं की सहसा दुसऱ्या महिन्यात सगळं सुरळीत होतं. मुद्दाम थकवत राहिला तर त्याचा बचावही काढून टाकता येतो, म्हणजे कोर्ट त्याची बाजू विचारात घेत नाही, पण ते शेवटचं पाऊल. जे लोक पोटगीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ खाली गेलेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं १४४, त्यांनी थकबाकी वर्षाच्या आत मागायची. वर्ष उलटलं की त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

माजी नाझर
पहिला हप्ता जमा झाला की पासबुक भरून आणा आणि त्या पानाची झेरॉक्स फायलीला लावा. ऑनलाइन दिसतं म्हणून ठेवून देऊ नका, पुढे हिशोब करताना तेच पान लागतं.

दहीपोहे
गॅसचं काय झालं ते सांगा! सात महिने त्याचीच वाट बघतोय.

शेवग्याची शेंग
आदेशात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. जजसाहेबांनी तो मोठ्याने वाचला तेव्हा त्याचे वकीलही खाली बघून हसले. 'डिलिव्हरीचा संकेतांक त्याच दिवशी कळवावा.'

शनिवारी सिलिंडर आला. लिफ्ट चालू होती. माणूस तोच, जूनमधला. मी फोन हातात धरून उभी. मिनिटभराने निगडीहून मेसेज आला, नुसते आकडे. मी ते वाचून दाखवले, त्याने मशीनवर दाबले, सिलिंडर आत ठेवला, सीलचा दोरा काढून रेग्युलेटर लावून बघितला. मुलगी आतून ओरडली, 'बाबांचा मेसेज आहे का?' मी म्हटलं हो.

पुढची तारीख ११ मार्च.